जहाजावरचा इंजिनेर

"इथून बोट ठेवा आणि वाट धरून त्या टोकापर्यंत न्या," नगरचे डॉक्टर म्हणाले.

कानिफनाथनं पानावर बोट ठेवलं. पानभर लहानमोठे ठिपके होते, सगळे मातकट, एकमेकांत मिसळलेले. त्यांच्यातून एक वळणावळणाची वाट जाते, हे त्याला ठाऊक होतं. मुंबईच्या दोन डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. बोट दोन इंच सरकलं, थबकलं, मग उगाच डावीकडे गेलं.

मागे उभा असलेला त्याचा बाप, भिमाजी, खांद्यावरून पुढे वाकला.

"आरं, ही काय वाट! हितनं निगाली, ही वळली, ही पार खाली गेली." त्याचं भेगाळलेलं बोट पानावरून सरसर फिरलं. "दिसंना व्हय तुला? का चेष्टा करतो?"

"न्हाई दिसत, दादा."

"नीट बघ की."

"नीटच बघतोय."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. त्यांनी भिमाजीला समोरच्या बाकावर बसवलं आणि सावकाश समजावलं. मुलाला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. याला औषध नाही, ऑपरेशन नाही आणि चष्म्याचाही उपयोग नाही.

"पर डाक्टरसाहेब, लांबचं ह्याला माज्यापरीस चांगलं दिसतं. वढ्यापल्याडच्या चिंचंवर कावळा बसला तर सांगतो."

"नजर चांगलीच आहे, बाबा. फक्त रंगांचा प्रश्न आहे."

"मंग हे झालं कशानं? चार वर्सं कलकत्त्याचं पानी प्यायला, त्यानं?"

"पाण्याचा काही संबंध नाही. जन्मापासूनच आहे. हे आईकडून मुलात येतं. आईला स्वतःला काही नसतं, पण बहुतेक वेळा तिच्या वडिलांना असतं."

भिमाजीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यानं विचारलं, "आन पोरीला?"

"मुलीला सहसा त्रास होत नाही. तिच्या मुलांना मात्र होऊ शकतो."

भिमाजीनं मांडीवरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर घातली.

चार वर्षांपूर्वी कानिफनाथचं नाव वर्तमानपत्रात आलं होतं. जामखेडच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या सहादेव गुरुजींनी त्याला आधी नगरच्या कॉलेजात सायन्सला घालायला लावलं आणि मग कुठल्याशा जाहिरातीचं कात्रण त्याच्या हातात ठेवलं. कलकत्त्याच्या मरीन इंजिनिअरिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा होती. साऱ्या देशातून मुलं बसतात, असं गुरुजी म्हणाले होते. कानिफनं तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विंचरणा नदीला भाद्रपदात आलेला पूर. तरी तो बसला आणि पासही झाला. निघताना गावातल्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "म्हंजी जहाज तू चालवनार?" "चालवणार कॅप्टन. मी इंजिन चालवणार," तो म्हणाला. तेव्हापासून गावात तो जहाजावरचा इंजिनेर झाला.

तिकडे पहाटे कवायत, मग दिवसभर वर्कशॉप. पहिलं वर्ष नुसतं कानशीनं लोखंड घासण्यात गेलं. त्याचे हात शेतकऱ्याचे होते, त्याला त्याचं काही वाटलं नाही. इंग्रजी मात्र जड गेलं. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर काट्यानं मासा कसा खायचा, हे तो बाकीच्यांकडे चोरून बघत शिकला. विजेच्या तारांचं कामही असंच. दुसरी मुलं रंगावरून तारा पटापट ओळखायची. त्याला त्या सारख्याच वाटायच्या. इंग्रजीसारखीच ही सवयीची बाब असणार, असं समजून तो प्रत्येक तारेला कागदाचा तुकडा बांधायचा आणि काम पुरं करायचा. प्रवेशाच्या वेळी डोळे तपासणाऱ्यानं रांग मोठी म्हणून दोनच पानं दाखवली होती. त्यातलं एक सगळ्यांनाच दिसतं, हे त्याला पुढे कळलं.

बहात्तरच्या उन्हाळ्यात तो शेवटची परीक्षा पास झाला. मुंबईच्या एका जहाज कंपनीनं त्याला निवडलंही. राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी. अंधाऱ्या खोलीत वीस फुटांवर एक बारीक दिवा लागला.

"कुठला?"

"हिरवा."

"आता?"

"हिरवाच."

डॉक्टरांनी खोलीतला दिवा लावला आणि त्याच्याकडे बघितलं. दोन्ही दिवे लाल होते.

फेरतपासणी मागता येते, असं कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या कुणीतरी ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे क्रमानं लिहून दिले. कानिफनं ते दोन दिवसांत पाठ केले. बारा, आठ, एकोणतीस, पाच. चार वर्षांत त्यानं इतकं मन लावून काहीच पाठ केलं नव्हतं. फेरतपासणीच्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडलं. त्यानं ठणकावून "बारा" म्हटलं. डॉक्टर हसले नाहीत. तेच त्याला जास्त लागलं.

मग तो कंपनीच्या साहेबाच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, दिवे बघायचे ते वरच्या माणसानं. मी खाली इंजिनात असणार. आवाजावरून सांगतो मी, कुठला सिलिंडर बिघडला ते."

"असेल. पण नियम सगळ्यांना सारखा."

"मग चार वर्षं मला शिकवलं कशाला?"

 साहेबानं कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

नगरचे डॉक्टर ही भिमाजीची शेवटची आशा होती. मुंबईवाले उलटसुलट सांगतात, आपला माणूस खरं सांगेल, असं त्याचं म्हणणं होतं. कानिफला यायचंच नव्हतं. बाप ऐकेना म्हणून तो आला होता.

एसटी स्टँडवर जामखेडच्या गाडीला अजून तास होता. भिमाजीनं चहा सांगितला आणि बशीत ओतून तसाच धरून बसला.

"कानिफ, तुज्या आईला ह्यातलं काय सांगू नको."

"काय सांगू नको?"

"तिच्याकडनं आलं म्हनून. जिवाला लावून घील ती." मग तो म्हणाला, "आन पुष्पीचं लगीन व्हायचंय. उद्या कुनाच्या कानावर गेलं, तर पोरीला कोन करून घील?"

कानिफच्या डोक्यात तिडीक गेली. धाकट्या पुष्पावतीचं लग्न, आईचा जीव, लोकांचे कान. सगळ्यांचा विचार झाला होता. "आन माजं काय, दादा? माजं काय झालं, ते इचारलं का तुमी?"

भिमाजीनं बशी तोंडाला लावली. चहा केव्हाच निवला होता. "गाडी लागली का बघून यी," तो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. रतनबाई आणि पुष्पावती तलावाच्या कामावरून नुकत्याच आल्या होत्या. त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता. अर्धं गाव दुष्काळी कामावर माती उचलत होतं. रतनबाईनं पायांवरची धूळही धुतली नव्हती. तिनं उंबऱ्यातच विचारलं, "काय म्हनला डाक्टर? हुईल ना बरं?"

 भिमाजीनं वहाणा काढल्या, भिंतीला टेकून नीट ठेवल्या.

"न्हाई व्हनार. जल्माचंच हाय. माज्याकडनं आलंय म्हनं. आमच्या घरान्यात हाय त्ये."

कानिफनं चमकून बापाकडे बघितलं. सांगू नको म्हणजे गप्प बस, एवढंच त्याला कळलं होतं. बाप हे असं काही बोलेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

रतनबाई मटकन खाली बसली. मग तिनं जे तोंड सोडलं, ते दिवे लागेपर्यंत थांबलं नाही. "तरी म्हनते, तुमच्या घरात काय म्हनून सरळ न्हाई. पोरानं कोरड्या भाकरीवर शिकून नाव काडलं, आन तुमच्या रक्तानं माती केली. आमच्या म्हायेरी बगा. माजा बाप गेला सत्तरीचा हून, पर सुईत दोरा ववायचा."

"आई, पुरं आता," कानिफ म्हणाला.

"तू मदी बोलू नको. तुजंच वाटुळं झालंय."

कानिफला आजा, आईचा बाप, आठवला. परड्यातल्या मिरच्या तोडायला बसला की तो लहानग्या कानिफला हाक मारायचा आणि विचारायचा, "ही पिकली का रं?" कानिफ अंदाजानं काहीतरी सांगायचा. मग दोघांनी मिळून तोडलेल्या मिरच्यांवरून आजी दोघांनाही शिव्या द्यायची. त्यानं आईकडे बघितलं. तिला त्या मिरच्या आठवत नव्हत्या. भिमाजी समोर मान खाली घालून बसला होता. आयुष्यभर ज्यानं बायकोचा उलटा शब्द कधी खपवून घेतला नाही, तो माणूस सगळं ऐकून घेत होता.

पुढचे तीन महिने कानिफनं तलावाच्या कामावर हजेरी लिहिली. ओव्हरसिअरला शिकलेला माणूस हवा होता. सकाळी कोरड्या बांधावर टेबल टाकून तो नावं पुकारायचा. टोपल्या घेऊन रांगेत उभे असलेले लोक नाव आलं की विचारायचे, "इंजिनेर, कवा जानार जहाजावर?" चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच वाटायचं, पाऊस पडला की हा जाईल. पहिले काही दिवस त्यानं समजावून सांगितलं. "डोळं तर चांगलं हायेत की तुजं," असं म्हणून लोक त्याच्यापुढे आपला हात धरायचे आणि बोटं मोजायला लावायचे. तो मोजायचा. मग त्यानं सांगणं सोडून दिलं. "बघू," एवढंच म्हणायला लागला.

याच रांगेत आईबाप यायचे. रतनबाई शेजारणींना ऐकू जाईल असं बोलायची, "ह्यांच्या वाडवडलांचं भोगतंय पोरगं." भिमाजी टोपली भरायचा आणि पुढे चालू लागायचा. एकदा कानिफ न राहवून टेबलावरून उठला. "आई, ऐक. डॉक्टर आसं—"

"कानिफ!" भिमाजीनं टोपली खाली टाकली. "रांग खोळंबलीय. पुढचं नाव घी."

कानिफनं पुढचं नाव घेतलं. हातातली पेन्सिल त्यानं इतकी दाबली होती, की टोक मोडलं.

माघात पुष्पावतीला बघायला पाहुणे आले. नवऱ्या मुलाचा चुलता कडक होता. "तुमच्या पोराच्या डोळ्यात दोष हाय म्हनत्यात. कुनाकडचं त्ये?" त्यानं सरळच विचारलं. भिमाजीनं पानाचं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाला, "माज्याकडचं. बापाकडनं पोराला येतं. पोरीचा काय संबंध न्हाई." आतून रतनबाईनं दुजोरा दिला, आणि तो अगदी मनापासून दिला. लग्न ठरलं.

त्याच महिन्यात कानिफला नागापूरच्या एमआयडीसीत काम मिळालं. तिथं नवे कारखाने उभे राहत होते. तो लागला ते विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करणारं लहानसं वर्कशॉप होतं. मालकानं सर्टिफिकेट बघितलं, दोनदा वाचलं आणि परत दिलं. "एवढं इथं लागत नाही," तो म्हणाला. "पाना धरता येतो ना?"

फाल्गुनात एके दिवशी दुपारच्या सुट्टीला भिमाजी फाटकाशी उभा दिसला. लग्नाचा बाजार करायला नगरला आला होता. हातात भाकरीचं फडकं होतं. दोघं आवारातल्या बाभळीखाली बसून जेवले. भिमाजीनं लग्नाचं सांगितलं, आटलेल्या विहिरीचं सांगितलं, आई बरी आहे म्हणाला. मग पाणी पिऊन झाल्यावर तो शेडमध्ये उघडून ठेवलेल्या इंजिनाकडे बघत राहिला.

"ह्ये पाच हार्साचं का?"

"व्हय."

"आन त्ये? जहाजावरलं केवढं आसतं?"

कानिफनं बापाकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत लोकांनी पगार विचारला होता, मोठे मासे दिसतात का ते विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं.

"मोठं आसतं."

"मोठं म्हंजी केवढं?"

कानिफ उठला. शेडच्या कोपऱ्यातली एक सळई त्यानं घेतली आणि बाभळीपुढच्या मुरमात रेघ ओढायला सुरुवात केली. पावलं मोजत तो फाटकाच्या दिशेनं गेला. पंचवीस पावलांवर वळला, मग पाच पावलं आडवी, मग परत. मोठी लांबट चौकट तयार झाली.

"एवढं?" भिमाजीनं विचारलं.

"एवढं. आन उंच म्हंजी ही शेड घ्या, तिच्यावर दुसरी ठेवा, आन तिच्यावर तिसरी. ह्यात आठ सिलिंडर आसत्यात. एकेकात मानूस उतरतो. मी उतरलोय, दादा, कलकत्त्याला. आत उभं राह्यलं की डोक्यावर हात पुरत न्हाई. चालू झालं की समदं जहाज थरारतं. कान लावायचा आन सांगायचं, कुठल्यात दम कमी हाय ते. मला कळायचं. आमच्या तुकडीत मलाच आधी कळायचं."

तो बोलत राहिला. तेल कुठून येतं, गार पाणी कसं फिरतं, मोठा दांडा कसा मागे पार पंख्यापर्यंत जातो, हे त्यानं चौकटीच्या कडेनं चालत, सळईनं जागा दाखवत सांगितलं. भिमाजी सळईच्या टोकाकडे बघत ऐकत होता. सगळं त्याला कळलं असेल असं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. कानिफचं बोलणं तुटलं. त्यानं सळई शेडच्या भिंतीला लावून ठेवली.

"येतो मी," भिमाजी म्हणाला. त्यानं भाकरीचं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. फाटक समोरच होतं, मुरमातल्या चौकटीच्या पलीकडे. सरळ गेला असता तर लगेच पोचला असता. पण तो रेघेजवळ येऊन थांबला, नजर वर शेडच्याही वर नेली आणि मग रेघेच्या बाहेरून, सबंध इंजिनाला वळसा घालून, सावकाश चालत फाटकाकडे गेला.