अकरा उजवे आर्म

हे लिहिणार नव्हतो. यात माझी अक्कल निघते आणि काड्याची नोकरी जाऊ शकते. पण काल तोच म्हणाला, लिही.

सेमीफायनल संपून रिमोटची गाडी टेबलावर उलटी पडली होती. आमची कामं वाटलेली. काड्या ट्रॅकशेजारच्या मचाणावर उभा राहून पळवतो, मी खाली तिला जिवंत ठेवतो. सकाळपासून चौथ्यांदा उघडत होतो. ब्रशनं माती झाडली, चाकं काढली. मोटार तापून हात लावू देत नव्हती. पाठीचा पार भुगा झाला होता.

"काय तुटलं?" काड्या खुर्चीत डोळे मिटून पडला होता.

"आर्म." म्हणजे चाक गाडीला जोडणारा प्लॅस्टिकचा हात.

"तरी सांगतोय, त्या लांबच्या वळणाला ती वळतच नाही. बघ ना नीट."

तीन महिने हेच चाललंय. त्याच्या शब्दावर मी स्प्रिंगा बदलल्या, शॉक-अ‍ॅब्सॉर्बरमधलं तेल पातळ केलं, परत दाट केलं, तीन तऱ्हेचे टायर लावले. प्रत्येक वेळी गाडी आणखी मंद झाली. सकाळी ट्रॅक रिकामा होता म्हणून मीच चालवून बघितली. मला धड सरळ नेता येत नाही, तरी लांबचं वळण पहिल्याच फेरीत निघालं. म्हटलं, नशीब.

नवा आर्म शोधायला डबा उपडा केला. तुटलेले मी टाकत नाही, जीव होत नाही. अकरा निघाले. सगळे उजवे. एकाच वळणावर, कडेच्या एकाच पाइपाला आपटलेले. गाडीत दोष असता तर माझ्या हातात तरी नीट वळली असती का?

मी पाना खाली ठेवला.

"काड्या, फायनलला किती वेळ आहे रे?"

समोरच्या भिंतीवर दाराएवढं घड्याळ उलटं मोजत होतं. काड्यानं डोळे उघडले, तिकडे बघितलं आणि खिशातून मोबाईल काढला.

"अठरा मिनिटं."

"घड्याळ समोर आहे."

तो मोबाईल पुसत बसला. स्वच्छच होता.

"कधीपासून?"

"थंडीपासून. लांबचं धुरकट दिसतं. जवळचं एकदम क्लिअर."

"आणि मला तेल बदलायला लावलंस? गाढवा!"

"मला वाटलं गाडीच असेल." मग हळू आवाजात, "तसं मानून घेतलं."

मला हसू येणार होतं, तेवढ्यात व्हॅन डोळ्यासमोर आली. काड्या शाळेची व्हॅन चालवतो. बारा पोरं. पुढच्या सीटवर त्याची स्वतःची भाची. त्यालाही तीच आठवली असणार.

"हळू चालवतो मी," तो म्हणाला. "मालकाला कळलं तर उद्याच किल्ली काढून घेईल. घरी आईला पण बोलू नकोस."

मी शेवटचा नवा उजवा आर्म बसवला. स्क्रू दोनदा भोकातून निसटला.

"फायनलला वर येशील?" त्यानं विचारलं. "ते वळण आलं की फक्त 'आता' म्हण."

"म्हणतो. पण उद्या व्हॅन तू काढायची नाहीस. मी सहाला येतो, पोरांना मी सोडतो. तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा."

"आणि मालक?"

"माझ्या दुकानाचं शटर अकराला उघडतं. त्याआधी मालकाला मीच सांगेन, आठवडाभर मी चालवतो म्हणून. लायसन्स आहे माझ्याकडे."

"तू? खेळण्यातली तरी येते का?"

"तुझ्यापेक्षा बरी."

तो हसला, पण अर्धाच. माइकवरून फायनलचा पुकारा झाला. तो उठला, रिमोट पोटाशी धरला आणि तसाच उभा राहिला.

"आणि नुसत्या चष्म्यानं नाही भागलं तर?"

मी गाडी उचलून त्याच्या हातात दिली.

"तर परवाही येईन," म्हटलं. "तेरवाही. पोरं शाळेत पोचतील, काड्या. शब्द देतो."