हिरव्या कडेचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. तळमजल्यावर, जिन्याला लागून उभा असतो. सध्या मला कुलूप आहे, आणि ते कधी निघेल याची वाट पाहणं एवढंच काम मला उरलं आहे.

सुताराच्या कारखान्यात माझ्याबरोबर दारांची अख्खी पलटण तयार झाली. सगळे सारखे, सगळे तपकिरी. आमच्या सोसायटीचा नियमच तसा होता. दारं एकाच रंगाची हवीत आणि दिवेलागणीला ती बंद हवीत. आम्ही इतके सारखे दिसायचो की पोस्टमनसुद्धा पाटी दोनदा वाचायचा.

माझ्या वाट्याला ड्रायव्हरकाका आणि काकू आले. काकांनी जन्मभर हिरवी बस चालवली होती. निवृत्त झाले तरी सवय जाईना. बाहेर निघाले की माझ्यावर दोनदा टकटक करायचे, कारण दोन घंटा म्हणजे गाडी सोडा. परत आले की एकदाच, म्हणजे गाडी थांबवा. मग काकू मला उघडून म्हणायच्या, "उतरा आता, शेवटचा स्टॉप आला!" रोजचीच थट्टा, पण दोघंही रोज नव्याने हसायचे.

पुढे काकांना विसरायला होऊ लागलं. एकदा ते शेजारच्या घरात शिरले, ऐसपैस बसले आणि चहात साखर कमी पडली म्हणून तिथल्या सूनबाईंवर रागावले. सगळी इमारत पोट धरून हसली. काकू हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या रंगाचा डबा आणला आणि कंबर कसून मला रंगवलं, अगदी कडांसकट. त्या संध्याकाळी काकांनी मला लांबूनच ओळखलं. थाप मारून म्हणाले, "पोचली बाबा गाडी!" मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! इतकी वर्षं मी नुसता दरवाजा होतो, त्या दिवशी मी कुणाचं तरी घर झालो.

पण आमचे सेक्रेटरीसाहेब! माणूस मनाने वाईट नाही, फक्त नियमापुढे त्यांना दुसरं काही दिसत नसे.

"काकू, आज तुमचा हिरवा, उद्या कुणाचा जांभळा. सोसायटीची सर्कस होईल."

"अहो, त्यांना घर सापडत नाही हो दुसऱ्या कशाने," काकू म्हणाल्या.

"कळतं मला. पण एकाला सूट दिली की सगळे मागतात."

रंगारी आला. त्याला घाई होती. त्याने मला बंद ठेवूनच वरून तपकिरी हात फिरवला आणि निघून गेला. त्या संध्याकाळी काका आले, माझ्यासमोर उभे राहिले, आणि पुढे गेले. मी तिथेच होतो, पण मला हाक मारता येत नव्हती. काकूंना ते शेवटी गेटजवळच्या कट्ट्यावर सापडले. "आपली गाडी अजून आली नाही," ते सांगत होते. काकूंचे डोळे भरून आले.

घरी आल्यावर मला उघडताना काकूंचा हात थबकला. रंगाऱ्याने बंद दार रंगवलं होतं, म्हणून माझी कड हिरवीच राहिली होती. तेव्हापासून काका बाहेर गेले की काकू मला थोडा उघडा ठेवू लागल्या. बोटभर हिरवी रेघ दिसायची. काकांना तेवढी पुरायची.

मग दिवेलागणीला दारं बंद करायला सांगत सेक्रेटरीसाहेब आमच्यापाशी आले. "काकू, दार..." एवढंच म्हणाले, तोच मागून काका आले. रेघ पाहून थांबले, एकदा टकटक केली आणि सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "उतरा साहेब, शेवटचा स्टॉप आहे." साहेब बाजूला झाले. त्यानंतर त्यांची फेरी आमच्या अलीकडच्या दारापर्यंतच येऊ लागली. 

काका गेले. काकूंना त्यांची लेक घेऊन गेली. जाताना काकूंनी माझ्या कडेवरून हात फिरवला आणि मला कुलूप लावलं. बंद दाराची कड कुणाला दिसणार? बाहेरून मी पुन्हा चारचौघांसारखा तपकिरी झालो. मला त्या दोघांची फार आठवण येते. पाऊल वाजलं की अजूनही मी कान टवकारतो.

काल सेक्रेटरीसाहेब काठी टेकत आले. कुलूप ओढून पाहिलं. मग इकडेतिकडे बघून त्यांनी माझ्यावर हळूच एक टकटक केली आणि थोडा वेळ थांबून राहिले.

मित्रांनो, नियम जरूर पाळा. पण तुमच्या दारावर कुणी एकच टकटक केली, तर आधी दार उघडा. आम्हाला उघडल्याशिवाय आमचा खरा रंग दिसत नाही.