किरकोळ खर्चाची पट्टी

मित्रांनो, टाइपरायटर समजून माझ्यावर बोटं आपटू नका. मी बेरजा करणारं यंत्र आहे आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या अंगावर आकड्यांच्या कळा आहेत, उजव्या कुशीला एक दांडी आहे आणि डोक्यावर कागदाची गुंडाळी. आकडा दाबायचा, दांडी ओढायची, की पट्टीवर तो छापून येतो. मला वीज लागत नाही. लागतो तो माणसाचा हात, आणि माणसाच्या हातावर माझा पहिल्यापासून फारसा भरवसा नाही.

याला माझं जन्मस्थान कारणीभूत आहे. कारखान्यात शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसायच्या. समोर आलेलं प्रत्येक यंत्र खोटंच बोलणार, असं धरून त्या कामाला लागायच्या. माझ्याकडून त्यांनी एकच बेरीज सात वेळा करून घेतली. सातव्यांदाही उत्तर तेच आलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरोबर आहे, असं दिसतंय." त्या 'दिसतंय'ची मला सवय लागली. तेव्हापासून कुणी काहीही सांगितलं तरी मला ते तेवढंच वाटतं.

मला विकत घेतलं ते एका करसल्लागारांनी. सगळे त्यांना काका म्हणत. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर त्यांची दीड खोलीची कचेरी होती. खालून दिवसभर गरम वाफेचा वास यायचा आणि कपाटातल्या फायली त्या वाफेने सैल पडायच्या. नळ दुरुस्त करणारे, शिकवण्या घेणाऱ्या बाई, बेकरीवाला, दोन-तीन सेवाभावी संस्था, अशी काकांची गिऱ्हाइकं. घरखर्च आणि धंद्याचा खर्च एका खिशात ठेवू नका, बिलावरची शाई उडते म्हणून त्याची प्रत काढून ठेवा, आठवत नसेल ते मनाने लिहू नका, हे काका प्रत्येकाला न कंटाळता सांगत. एकदा बेकरीवाल्याने बायकामुलांच्या सहलीचं भाडं दुकानाच्या खर्चात घातलं. काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "सहलीला भट्टीसुद्धा नेली होती का?" बेकरीवाला हसला, पण त्याने पान बदलून लिहिलं.

मी मात्र हसायचो नाही. आकडा सांगताना कोण अडखळतं, कोण खिडकीबाहेर बघतं, यावर माझं लक्ष असे. काका मला नावाजत. माझ्या पट्ट्या ते कापून फायलीत टाचून ठेवत आणि म्हणत, "हा कधी चुकला नाही." ते खरंही होतं. फक्त माझ्या सात आकड्याचा पाय मोडला होता, त्यामुळे माझा सात लंगडा छापून यायचा.

पुढे काकांचा हात थरथरू लागला. त्यांच्या मुलीने, ताईने, कचेरी हाती घेतली. तिने संगणक आणला आणि मी टेबलाच्या कोपऱ्यात सरकलो. माझ्या कळांमध्ये धूळ बसली. काका दुपारी येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसत, तेही आणि मीही, जवळजवळ सारखेच बिनकामाचे.

अशा दिवसांत ती भानगड झाली.

संस्थांपैकी एक होती रुग्णसाहित्य केंद्र. चाकांची खुर्ची, कुबड्या, लोखंडी पलंग अशा वस्तू ते आजाऱ्यांना फुकट वापरायला देत. घेताना पाचशे अनामत ठेवायची, वस्तू परत आणली की अनामत परत न्यायची. केंद्राचा हिशेब पाहत होत्या एक निवृत्त परिचारिका. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणे. त्या वर्षी केंद्राला नवे अध्यक्ष मिळाले. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं. ते एक दिवस जमाखर्चाचा कागद घेऊन ताईकडे आले आणि एका ओळीवर बोट ठेवून बसले. ओळ होती: किरकोळ खर्च, एक लाख पंच्याऐंशी हजार तीनशे चाळीस.

"माझ्या दुकानात चहापासून खिळ्यापर्यंत सगळं धरून एवढं किरकोळ होत नाही," ते म्हणाले.

बिलं होती फक्त एक हजार तीनशे चाळिसांची. तेल, रबर, चाकांचे नट. बाकीच्याला कागदच नव्हता. अध्यक्षांनी मग आवाज खाली आणून सांगितलं, की सिस्टरनी यंदा घरात नव्या फरशा बसवल्या आहेत. पावत्यांच्या कपाटाला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, हेही सांगितलं. ताईने कागद फक्त ठेवून घेतला. पण अध्यक्ष गेल्यावर तिने वहीच्या कोपऱ्यात 'फरशा?' असं लिहिलं. मला तर पटलंच होतं. मित्रांनो, मी आजवर वाट बघत होतो ती याच ओळीची, असं मला वाटलं.

ताईने सिस्टरना बोलावलं. त्या येऊन ताठ बसल्या. किरकोळमध्ये काय आहे, असं विचारल्यावर म्हणाल्या, की परत दिलेल्या अनामती आहेत. मग त्या किरकोळमध्ये कशा, असं ताईने विचारलं.

"मला जसं लिहायला सांगितलं, तसं मी लिहिलं."

"कोणी सांगितलं?"

सिस्टरनी मांडीवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी. विचार त्यांना."

ताईचा चेहरा कठोर झाला. लोकांना जन्मभर खाती वेगळी ठेवायला शिकवलेला माणूस असं सांगेल? म्हातारा माणूस आता विसरतो, म्हणून त्याच्यावर ढकलायचं, असं तिला वाटलं असणार. मला तर तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला आणि न बसताच निघून गेल्या. डब्यात परत आलेल्या अनामत पावत्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर 'पैसे परत मिळाले' असं लिहून सही केलेली. ताईने त्या उलटून पाहिल्या. सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या. संशयाला आणखी काय हवं?

तिने पावत्यांवरचे फोन नंबर काढले आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. पहिला माणूस म्हणाला, पैसे मिळाले. दुसरी बाईही तेच म्हणाली. शाईचं विचारल्यावर ती म्हणाली, की केंद्राच्या टेबलाला दोरीने एक पेन बांधलेलं असतं, सगळे त्यानेच सही करतात. बाविसावा फोन एका शिंप्याला लागला. त्याची आई पलंगावरच गेली होती. पलंग त्याने परत पाठवला, पण अनामत घ्यायचं त्याला सुचलं नव्हतं. सिस्टर आठवड्याने स्वतः त्याच्या घरी गेल्या, पैसे दिले, सही घेतली आणि चहासुद्धा न घेता परतल्या. फोन ठेवल्यावर ताईने डब्यातल्या सगळ्या पावत्या टेबलावर काढल्या.

मग तिने मला पुढे ओढलं. फडक्याने माझ्या कळा पुसल्या आणि एकेक पावतीचा आकडा दाबत गेली. पाचशे, पाचशे, पाचशे. तीनशे सदुसष्ट पावत्या भरल्या. एक लाख त्र्याऐंशी हजार पाचशे. त्यात बिलं मिळवली तरी पाचशे कमी पडत होते. एक पावती नव्हती. मी मनात म्हटलं, बघा, निघालं की नाही.

पण ताई त्या पाचशेपाशी थांबली नाही. ती उठली आणि केंद्राच्या जुन्या फायली काढू लागली. चार वर्षांपूर्वीच्या फायलीत टाचणीने लावलेली एक पिवळट पट्टी तिच्या हाती आली. तिच्यावरचे साताचे आकडे लंगडे होते. म्हणजे पट्टी माझीच. खाली काकांचं अक्षर होतं: 'अनामत देणगीत धरली. परतफेड किरकोळमध्ये टाकावी. सिस्टरना सांगितले.'

काका त्या वेळी खुर्चीतच होते. ताईने पट्टी त्यांच्या पुढ्यात धरली. आधी ते म्हणाले, मी असं सांगणारच नाही. मग त्यांनी चष्मा लावून अक्षर पाहिलं. वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली.

"कराचं विवरण भरायची शेवटची तारीख होती," ते म्हणाले. "अनामतीचं वेगळं खातं उघडायला हवं होतं. परत द्यायचे पैसे ते, आपलं उत्पन्न नव्हे. पुढच्या वर्षी नीट करू म्हटलं आणि राहून गेलं."

"बाबा, अध्यक्ष सिस्टरना चोर म्हणताहेत. आणि मीही जवळजवळ तेच म्हणत होते."

काकांनी पट्टी तिच्याकडे परत दिली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर घरी गेले.

मित्रांनो, त्या रात्री माझ्या चाकांना झोप कशी लागणार? ती पट्टी मीच छापली होती. दुसऱ्याच्या परत द्यायच्या पैशात देणगी मिळवून मी खालची बेरीज अगदी बिनचूक काढून दिली होती. कोण अडखळतं ते मी बघत आलो. पण जो मुळीच अडखळत नाही, त्याच्याकडे मी कधी बघितलंच नाही. काकांच्या हाताखाली मला संशय घ्यावासा वाटला नव्हता.

पुढच्या आठवड्यात केंद्राची मंडळी कचेरीत जमली. ताईने पट्टी सगळ्यांना दाखवली. चूक आमच्या कचेरीची आहे, चारही वर्षांचे हिशेब आम्ही पैसे न घेता दुरुस्त करू, कर खात्याला लेखी कळवू आणि दंड झालाच तर तो आम्ही भरू, असं तिने सांगितलं. पाचशेची एक पावती मिळत नाही, हेही तिने लपवलं नाही. 'पावती गहाळ' अशी ओळ तिने अहवालात तशीच ठेवली. सिस्टरनाही ती पावती आठवली नाही, आणि आठवते असं त्यांनी खोटं सांगितलंही नाही. काका खाली मान घालून बसले होते. ते हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं, हे असंच लिहायचं ना. मी हो म्हणालो होतो."

गैरसमज झाला, मनावर घेऊ नका, तुम्हीच काम पाहा, असं अध्यक्ष म्हणाले. फरशांचा विषय कुणी काढला नाही.

सिस्टरनी पिशवीतून कपाटाची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हिशेब मी लिहीन," त्या म्हणाल्या. "लोक पलंगासाठी येतात, ते थांबायला नकोत. पण पैशाला आता मी हात लावणार नाही. पैसे दुसऱ्या कुणीतरी घ्यावेत आणि मोजावेत."

"सिस्टर, आता कुणाला तुमच्यावर शंका नाही," ताई म्हणाली.

"माहीत आहे मला. पण मला आता तुमच्यावर आहे."

किल्ली तिथेच पडून राहिली.

मित्रांनो, आता मी खिडकीच्या फळीवर असतो. काका येत नाहीत. मला धुळीतून काढा, तेल द्या, असं मागणं मी तुमच्याकडे करणार नाही. मागणं वेगळंच आहे. तुम्ही मोठे व्हाल, कधी दुकान काढाल, कधी चारचौघांच्या संस्थेचा हिशेब तुमच्याकडे येईल. तेव्हा शंका जरूर घ्या, अगदी बिनचूक बेरजेवरही घ्या. कागद जपा, खाती वेगळी ठेवा, आणि तुम्हाला सगळ्यात शहाणा वाटतो त्या माणसालाही विचारा, की हे असं का. मात्र एखाद्या माणसाविषयी मनात काही आलं, तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवू नका. त्याच दिवशी त्याच्यासमोर बसा आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐका. चुकलेला आकडा खोडून वर बरोबर आकडा लिहिता येतो. माणसाचं तसं करता येतं का, ते मी अजून कुठल्याच पट्टीवर पाहिलेलं नाही.