रेडिओवर येतो म्हणाला

रेडिओकेंद्रातल्या अधिकाऱ्याने लाल पेन्सिलीने भाषणातलं पुस्तकाचं नाव खोडलं. पुढच्या पानावर ते पुन्हा भेटलं. तिथेही खोडलं.

"जाहिरात होते, हरिहरराव. पुस्तकाचं नाव घ्यायचं नाही, असा नियमच आहे. किंमत तर नाहीच नाही."

"मग बोलू काय?"

"कादंबरी कशी सुचली ते बोला. नाव तेवढं सोडा."

कादंबरीचं नाव होतं 'येतो'. घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, तेवढ्या एका शब्दावर हरिहरने सव्वादोनशे पानं लिहिली होती. खपाचं म्हणाल, तर प्रकाशकाच्या गोदामातल्या वाळवीने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती, माणसांपैकी कुणी हात लावला नव्हता. वाळवीचं मत अनुकूल होतं म्हणतात.

पण शनिवार-रविवार गाठून हरिहर डोंबिवलीहून मुंबईला आला होता, तो काही खपासाठी नव्हे. अधिकाऱ्याला पुस्तकाचं निमित्त सांगितलं होतं, एवढंच. त्याची आई ठाण्याला, नौपाड्यात, धाकट्या बहिणीकडे असे. गेल्या दिवाळीपासून तिने त्याला ओळखणं सोडलं होतं. तो समोर बसला की पदर सावरून विचारायची, "आपण कुठले?" पाच-सहा महिने हरिहर दर रविवारी आपण कुठले ते सांगून परत येत होता. मग एकदा मंदाकिनी, म्हणजे ती धाकटी बहीण, बोलून गेली, "दादा, आईला चेहरे कळत नाहीत, पण आवाज कळतात. रेडिओवर बातम्या देणाऱ्याला परवा ठसका लागला, तर म्हणते कशी, 'आल्याचा रस घे रे बाबा.'"

तेव्हापासून हरिहरच्या डोक्यात एकच होतं. आधी नुसता आवाज पाठवायचा. तोंड मागाहून न्यायचं.

त्या काळी भाषण थेट जायचं. संध्याकाळी लाल दिवा लागला आणि हरिहर बोलला. चांगलं बोलला असावा. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने दोनच जांभया दिल्या. शेवटी मात्र त्याने लबाडी केली. कागदावर 'नमस्कार' लिहिलं होतं. तो कागद त्याने उलटा ठेवला आणि म्हणाला, "बरं तर मंडळी, येतो."

अधिकाऱ्याची पेन्सिल उठली आणि तशीच खाली बसली. निरोप घेणाऱ्या माणसाला जाहिरात केली म्हणून कोण पकडणार?

दादरला मित्राकडे मुक्काम करून रविवारी सकाळी हरिहर नौपाड्यात पोचला. मंदाकिनी फाटकापर्यंत धावत आली. ती हसतेय की रडतेय, ते तिचं तिलाही कळत नसावं.

"दादा, ओळखलं रे! तू तोंड उघडलंस आणि म्हणाली, 'हा आमचा हरी!' टाळ्या वाजवल्या तिने."

हरिहरची एक चप्पल फाटकाशी राहिली, एक पायरीशी. आई दारातच बसली होती. धुवट लुगडं, केस विंचरलेले, नजर रस्त्यावर. तो तिच्यापुढे वाकला.

"आई."

आईने मान तिरकी करून त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"जरा सरकता का? रस्ता दिसत नाही."

"आई, मी हरी."

"हो का? आमच्याकडेही हरी आहे. एवढ्यात येईल. काल रेडिओवर म्हणाला ना, येतो म्हणून."

मंदाकिनीचे यजमान त्र्यंबकराव आतून आले आणि हरिहरला हळूच बाजूला घेऊन म्हणाले,

"कालपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. हरी आला की त्याच्याबरोबर जेवीन म्हणतात. आधीच अंगात त्राण नाही. डॉक्टर आत्ताच बजावून गेले, अन्न गेलं नाही तर माझ्या औषधाचा उपयोग नाही."

"निघतानाचं 'येतो' होतं ते, त्र्यंबकराव."

"मी सांगून पाहिलं. मलाच म्हणाल्या, 'तुमच्याकडे नुसतं म्हणत असतील. आमचा हरी येतो म्हणाला की येतो.'"

हरिहर पुन्हा आईजवळ जाऊन बसला. कपाळावरची खोक दाखवली. लहानपणी आपण मगर पाहिली म्हणून गावभर सांगितलं, गाव काठ्या घेऊन तळ्यावर जमला आणि निघाली पाटलांची म्हैस, ती हकिगत सांगितली. आई पोट धरून हसली. पूर्वी हसायची तशीच, तोंडावर पदर घेऊन. हरिहर पुढे सरकला.

"तुम्हाला हरीनेच सांगितलं असणार," आई डोळे पुसत म्हणाली. "फार थापाड्या आहे. तुम्ही त्याचे मित्र का?"

मंदाकिनीने मऊ भात कालवून आणला. आईने ताटली दूर सारली.

"पाहुण्यांना दे. मी थांबते."

"आई, एक घास घे गं. माझ्यासाठी."

"कशी खाऊ? तो उपाशी येणार आणि मी ढेकर देत बसू?"

हरिहर उठला. रेडिओ स्वयंपाकघराच्या दाराशी तिवईवर होता आणि दाराला जाड पडदा होता. तो पडद्याकडे पाहत राहिला, मग मंदाकिनीकडे. तिने आधी मान हलवून नको म्हटलं. मग डोळे पुसले आणि आईला धरून आत आणून रेडिओसमोर बसवलं.

"निघालात?" आईने हरिहरला विचारलं.

"हो."

तो पुढच्या दाराने बाहेर पडला आणि घराला वळसा घालून मागल्या दाराने पडद्याआड येऊन उभा राहिला. मंदाकिनीने रेडिओ लावला. काटा दोन स्टेशनांच्या मधेच ठेवला. नुसती खरखर येऊ लागली.

"आई," हरिहर म्हणाला.

आई ताठ बसली. दोन्ही हात तिने रेडिओवर ठेवले.

"हरी! अरे, कुठे आहेस तू?"

"वाटेत आहे. उशीर होईल. तू जेवून घे."

"आणि तू?"

"मी जेवलोय."

"थापा मारतोयस."

"नाही गं. पोटभर जेवलोय."

मग ती जेवली. मंदाकिनी एकेक घास देत होती आणि आई तो शहाण्या मुलीसारखा घेत होती, नजर रेडिओवरून न काढता. त्र्यंबकराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"अरे हो," मधेच आई म्हणाली. "तुझ्याकडे एक गृहस्थ आले होते. बराच वेळ बसले. मला सारखे आई म्हणत होते."

"मग?"

"गेले. न जेवता गेले रे. मी ताटली पुढे केली होती, पण तुझ्या नादात आग्रह करायचा राहिला."

"परत आले तर वाढ त्यांना."

"वाढीन की. नाव काय रे त्यांचं?"

मंदाकिनीच्या हातातला घास हातातच राहिला.

"मलाही आठवत नाही," रेडिओ म्हणाला.