वामनरावांचे मासे

“हे काकाजी पाहा. यायच्या घरचा एकही मासा मेला नाई आजवर,” हर्षा म्हणाली, तशी वामनरावांनी मान खाली घातली आणि हातातली माशांच्या खाण्याची डबी उगीचच न्याहाळायला सुरुवात केली.

काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीत मेलेला गोल्डफिश होता आणि त्याचा मालक, एक तरणा मास्तर, दुकानातले मासेच रोगट आहेत म्हणून तावातावाने भांडत होता. गडचांदूरच्या बसस्टँडमागचं हर्षाचं हे मासे आणि काचेच्या टाक्या विकायचं दुकान म्हणजे जेमतेम एक खोली. चार लोकांत असा बोभाटा झाला तर शटर ओढायचीच पाळी.

वामनरावांसारखं गिऱ्हाईक दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. घासाघीस नाही, काचेवर टिचक्या मारणं नाही. हर्षा डबा खात असली तर हा माणूस रस्त्यापलीकडे उन्हात उभा राही. शेपूट तुटलेला, कोणी न घेणारा मासा मुद्दाम मागून नेई. पण सज्जनपणालाही काही माप असावं. पहिल्याच दिवशी ती टाकीत पाणी कसं भरायचं ते समजावत होती, तेवढ्यात मागे गिऱ्हाइकं आली. तिचा धंदा खोळंबू नये म्हणून हे ‘समजलं, समजलं’ करत निघाले. मासा मेला. पोरीला वाईट वाटेल म्हणून बोलले नाहीत, दुसरा नेला. तोही गेला. ती विचारी, कसे आहेत मासे? हे म्हणत, मजेत. ते सगळे मजेतले मासे अंगणातल्या कडुनिंबाखाली पुरलेले होते.

सिमेंट कारखान्यातून निवृत्त झाले, बायको रुखमा गेली आणि घरात हालणारं असं काही उरलं नाही, म्हणून वामनरावांनी टाकी आणली होती. आता मासे हे निमित्तच होतं. ‘कसे आहेत’ असं विचारणारं त्यांना गावात दुसरं कोणी नव्हतं, मग ते माशांबद्दल का असेना.

मास्तराचा विश्वास बसेना. तेव्हा हर्षाने सांगून टाकलं, की आज संध्याकाळीच काकाजींच्या टाकीचा व्हिडिओ काढून पाठवते. वामनरावांनी डबी काउंटरवर ठेवली आणि ते घाईने बाहेर पडले.

चंद्रपूरहून मासे आणून टाकी भरावी, असं त्यांच्या मनात आलं. स्टँडवर गेलेही. पण दुसऱ्याच्या दुकानातले मासे हिला दाखवायचे, हे त्यांच्याच्याने होईना. बस समोरून निघून गेली. घरी येऊन त्यांनी चहाचे दोन कप काढून ठेवले.

हर्षा आली. टाकीत दिवा लागलेला, पंप बुडबुडे सोडत होता, पाणी अगदी स्वच्छ. तिने मोबाईल धरला, वाकून दगडामागे पाहिलं आणि मोबाईल खाली घेतला.

“मेले?”

“सारे.”

“मले काऊन नाई सांगितलं, काकाजी?”

“तुले वाईट वाटलं असतं. अन् मंग मी कोणत्या तोंडानं येऊ दुकानात?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं की राग, हे त्यांना कळेना, दोन्ही असावं. पाणी कुठलं भरता, तिने विचारलं. थेट नळाचं, ते म्हणाले, दर रविवारी ताजं.

“नळाच्या पाण्यात ब्लिचिंग असते. एक दिवस उघडं ठेवा लागते. हेच सांगत होती मी तवा.”

चहा तिने घेतला नाही. न्हाणीतली बादली नळाखाली भरली, अंगणात आणून ठेवली आणि चपला घातल्या. “पाणी असंच राहू द्या,” एवढंच म्हणाली. दुकानात पुन्हा या म्हणाली नाही, येऊ नका असंही नाही.

ती गेल्यावर वामनरावांनी बादलीजवळ स्टूल ओढलं. कडुनिंबाची पिवळी पानं पाण्यात पडत होती. झाकण ठेवावंसं त्यांना फार वाटलं, पण ती उघडं ठेवा म्हणाली होती. दिसेनासं होईपर्यंत ते एकेक पान वेचून बाजूला ठेवत राहिले.