फुगवलेल्या पुंगळ्या

उल्का परचुरेला पिस्तूल ठाऊक होतं ते पोलिसाच्या कमरेला लटकतं तेवढंच. नागोयातल्या तिच्या कंपनीत बाकी कुणाची मजलही त्यापुढे गेलेली नव्हती. जपानात पिस्तूल बाळगायची बातच सोडा! आणि हीच मंडळी निघाली होती अमेरिकेतल्या नेमबाजांसाठी डाय, म्हणजे धातूचे साचे, बनवायला. तिकडचे हौशी लोक झाडलेल्या गोळीची रिकामी पुंगळी फेकून देत नाहीत, घरी पुन्हा भरतात. गोळी झाडली की पुंगळी फुगते. ती हाताच्या प्रेसवर, म्हणजे दांडा ओढून दाब द्यायच्या यंत्रावर, डायमध्ये दाबून आधी मापात आणावी लागते. गिऱ्हाइकाची अट एकच होती, पुंगळीला तेल लावायची भानगड नको, कोरडीच दाबता आली पाहिजे.

निवड दोन डायमधून करायची होती. स्टीलपेक्षा कितीतरी कठीण अशा कार्बाइडची कडी बसवलेली, महाग डाय उल्काची. स्टीलवर कोटिंग चढवलेली, स्वस्त डाय कोंदो-सानची. हे कोंदो-सान विभागातले सगळ्यात जुने, आणि चाचण्याही त्यांच्याच हाताखाली झाल्या. दोन्ही डाय पास झाल्या. मग काय, स्वस्त ती घ्या!

विभागप्रमुख ओगावा-सान टेबलाटेबलाशी जाऊन सगळ्यांशी हळू आवाजात बोलून आले. तिथली रीतच ती. जे काही ठरायचं ते असं आधी ठरतं, मीटिंगमध्ये नुसत्या माना हलवायच्या. उल्काही त्यांना "बरं" म्हणून बसली.

पण डोक्यातला किडा काही स्वस्थ बसेना. दोन्ही डाय इतक्या सारख्या पास होतातच कशा? मीटिंगच्या आदल्या दुपारी तिने चाचणीच्या पुंगळ्यांचं खोकं उघडलं आणि कपाळावर हात मारला. साऱ्या नव्याकोऱ्या, लेथवर कातलेल्या, अगदी ड्रॉइंगच्या मापाच्या! झाडलेल्या पुंगळ्या इथे आणणार कोण? म्हणून या शहाण्यांनी फुगवटा काढायची डाय न फुगलेल्या पुंगळ्यांवर तपासली होती.

"सडपातळ माणसाला बारीक व्हायचं औषध द्यायचं आणि गुण आला म्हणायचं!" तिने जिन्यात उभं राहून नवऱ्याला, स्वानंदला फोनवर सांगितलं.

"उल्का, एकदा बरं म्हणालीयेस ना? आता भर मीटिंगमध्ये उलटलीस तर तुझं नोकरीचं काँट्रॅक्ट गेलंच म्हणून समज. आणि आपल्या सगळ्यांचा व्हिसा त्याच्यावर आहे. जाऊ दे ना, चालवून घे."

"चालवून घे? तिकडे माणसाची पुंगळी डायमध्ये अडकून बसेल, शिव्या आम्हाला घालेल, आणि त्या बरोबर असतील! मी नाही चालवून घेणार."

"मग बॅगा भरायला घेऊ का?"

"घे!" ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

तशीच ती वर्कशॉपमध्ये गेली. भोसरीला नोकरी करताना शिकलेली युक्ती तिला आठवत होती. पुंगळीत रबराचा तुकडा कोंबायचा, बाहेरून जरा मोठं नळकांडं घालायचं आणि वरून दाब द्यायचा. रबर पसरलं की पुंगळी फुगते. गिऱ्हाइकाने कळवलेल्या झाडलेल्या पुंगळीच्या मापाला येईस्तोवर तिने मूठभर पुंगळ्या फुगवल्या. हात काळे झाले, पण राग काही उतरला नाही.

मीटिंगमध्ये ओगावा-साननी मान वर न करता रीतीप्रमाणे विचारलं, "कुणाची हरकत?"

"माझी आहे," उल्का म्हणाली.

सगळ्यांनी खाली पाहिलं. तिने हाताची प्रेस टेबलावर आणून ठेवली, त्यात कोंदो-सानची डाय बसवली आणि फुगवलेली पुंगळी त्यांच्याच पुढे केली. "झाडलेली पुंगळी अशी असते. दाबा."

कोंदो-साननी दांडा ओढला. पुंगळी अर्धी आत गेली आणि घट्ट बसली. त्यांनी जोर लावला, मग उभं राहून लावला. पुंगळी आतही जाईना, बाहेरही येईना. उल्काने दुसरी प्रेस ओढून आपली डाय लावली आणि तशीच पुंगळी सुळकन आत घालून बाहेर काढली. दुसरी घातली, तिसरी घातली.

"परचुरे-सान," ओगावा-सान म्हणाले, "अशी गोष्ट मीटिंगच्या आधी सांगायची असते."

"आधी सांगितली असती तर तुम्ही मला बाजूला घेऊन समजावलं असतं. आणि मीही शहाण्यासारखं समजून घेतलं असतं."

त्यांनी अडकलेल्या पुंगळीच्या प्रेसचा दांडा स्वतः एकदा ओढून पाहिला. "कार्बाइड," ते म्हणाले. मग त्याच सुरात, "तुमच्या काँट्रॅक्टचं मात्र मला बघावं लागेल."

उल्काने आपली डाय प्रेसमधून काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"जरूर बघा. मला काढलंत तरी डाय आता हीच राहणार."