मांडीवरची पोर

शिरवण्याहून सुटणारी मिनीबस म्हणजे निव्वळ डबडं होतं, दुसरा शब्द नाही. नेरूळच्या एकेका सेक्टरात नाक खुपसत, सारसोळे गावाला वळसा घालत ती करावे गावात जायची. सीटा मोजक्या, माणसं दुप्पट, आणि दार एकच, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. कंडक्टर नावाचा प्राणी नव्हताच. पण मिनीचे स्वतःचे कायदे होते आणि ते कुणी मोडत नसे. उभ्या माणसाचं ओझं बसलेल्याने मांडीवर घ्यायचं. पिशवी असो, डबा असो, नाहीतर पोर असो. नाव-गाव विचारायचं नाही, हात पुढे करायचे. आणि थांबा आला की दारातल्यांनी खाली उतरून आतल्यांना वाट द्यायची, मग परत चढायचं. सिताराम ड्रायव्हर मान बाहेर काढून बघायचा, उतरलेली सगळी वर आली की मगच गाडी हलवायचा.

त्या दिवशी सिताराम रजेवर होता. घात झाला तो तिथेच.

संघप्रिया दीड वर्षाच्या गौतमीला कडेवर घेऊन मिनीत चढली. रोजचंच होतं. नवरा अभय सकाळीच कंपनीत जायचा, हिची मॉलमधल्या काउंटरवर दुपारची ड्युटी. म्हणून पोरीला करावे गावात आईकडे सोडायचं आणि पुढे कामावर पळायचं. बसमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती. दाराजवळच्या खिडकीशी एक कोळीण बसली होती. सकाळचा धंदा आटपून निघालेली, पायांत रिकामी टोपली, उन्हाचा त्रास नको म्हणून डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत ओढलेला. तिने हात पुढे केले. संघप्रियाने आधी पर्स दिली, मग पोर.

"सांभाळा हां, मावशी."

"आन गो इकडं," पदराआडून आवाज आला.

गौतमी कुणाकडेही जाणारी. ती त्या बाईच्या हिरव्या बांगड्या वरखाली करत मजेत बसली. संघप्रियाने घाम पुसला. चार घटका हात मोकळे झाले म्हणून तिला केवढं बरं वाटलं.

बागेजवळचा थांबा आला. मिनीच्या कायद्याप्रमाणे संघप्रिया खाली उतरली. आतून एक आजोबा उतरले, मग भाजीच्या पिशव्या घेतलेली बाई, मग मिक्सरचं खोकं छातीशी धरलेला एक माणूस. ते खोकं काही दारातून निघेना. निघालं तेव्हा खालची माणसं धक्काबुक्की करत वर घुसली, संघप्रिया कडेला फेकली गेली आणि दार फट्कन लागलं. नवा ड्रायव्हर रणजीत. बिचाऱ्याला वाटलं, उतरले ते उतरले. गाडी गेली.

क्षणभर तिला काही कळलंच नाही. आपले दोन्ही हात रिकामे आहेत एवढंच कळलं. मग ती धावली. "थांब! अरे थांब ना रे!" पायातली चप्पल निघाली, ती तशीच टाकली. मिनी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली.

"क्या हुआ, ताई?" स्टँडवरचे रिक्षावाले धावत आले, टपरीवाला आला, भाजीच्या पिशव्यांवाली बाई परत फिरली.

"माझी मुलगी! त्या बाईने नेली माझी मुलगी!"

तोंडातून निघालं ते असं निघालं. मी दिली, असं ती म्हणाली नाही. नेली, म्हणाली.

"कोण बाई? कशी होती?"

"कोळीण. हिरव्या बांगड्या. तोंड... तोंड झाकलेलं होतं."

तोंड झाकलेलं, हे बोलल्यावर तिच्याच लक्षात आलं. का झाकलं होतं? गेले पंधरा दिवस बिल्डिंगच्या ग्रुपवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. खरं-खोटं देव जाणे! तिनेही तो मेसेज चार जणींना पाठवला होता, वर हात जोडलेले इमोजी टाकून. आता त्यातलं एकेक वाक्य तिच्या डोळ्यांपुढे नाचायला लागलं.

"टेन्शन नको घेऊ, ताई, लगेच ग्रुपवर टाकतो," टपरीवाला म्हणाला आणि अंगठे चालवायला लागला. कोळीण, हिरव्या बांगड्या, दीड वर्षाची मुलगी. या माणसाला एरवी चहात साखर टाकायची शुद्ध नसते, पण असल्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

एका वयस्कर रिक्षावाल्याने तिला जवळजवळ उचलूनच रिक्षात घातलं. "मिनीच्या मागे नाही जायचं. आतल्या गल्लीतून शेवटच्या स्टॉपला गाठू." त्याने आपला मोबाइल तिच्या हातात दिला. अभयचा नंबर? आठवेना. आईचा? तोही नाही. सगळे नंबर त्या पर्समधल्या फोनमध्ये. पाठ होता तो फक्त स्वतःचा. तिने तो लावला.

रिंग गेली. पूर्ण वाजली आणि बंद झाली. परत लावला. परत वाजून वाजून बंद. फोन त्या बाईच्या मांडीवरच असणार, आवाज कानात जात असणार, तरी ती उचलत नाही. का उचलत नाही? तिसऱ्यांदा संघप्रियाकडून नंबरच चुकला.

पोरीला घेऊन ती कुठे जाईल? सारसोळ्याला उतरेल. तिथे खाडी, होड्या. नाहीतर रिक्षा करून हमरस्त्याला लागेल. उरणच्या वाटेवर ट्रेलरची रांग असते, एवढीशी पोर कुणाच्याही केबिनमध्ये झोपवून नेली तर कोण बघणार? आपण त्या बाईचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पोटची पोर दिली आणि तोंड नाही पाहिलं! अभय विचारेल, आई विचारेल, काय सांगायचं? हात पुढे केले म्हणून दिली, असं सांगायचं?

"देवा, काही नको, फक्त ती रडत असू दे," ती पुटपुटली. रडत असली म्हणजे कुणीतरी बघेल.

करावे गावात मिनी उभी होती. रिकामी. रणजीत टायरवर पाणी मारत होता. संघप्रियाने त्याची कॉलरच धरली.

"माझी मुलगी कुठेय?"

"कुठली... अच्छा, ती मावशीकडची? अहो, बागेवरून गाडी सुटली तशी मावशीने बोंब ठोकली, गाडी थांबव म्हणून. मला वाटलं, हिचा स्टॉप चुकला. पुढच्या स्टॉपला उतरली ना ती, बाळाला घेऊन. बाळ म्हटलं, नात असेल."

संघप्रिया बसमध्ये चढली. खिडकीची सीट मोकळी होती. खाली टोपली तशीच पडलेली. धंद्याची टोपली टाकून गेली! एवढी घाई कसली? आता शंकाच उरली नाही. तिने तिथेच मटकन बसून हंबरडा फोडला.

"उठ, पोरी," रिक्षावाला म्हणाला, "पुढच्याच स्टॉपला उतरलीये. जाऊन जाऊन किती लांब जाईल? चल." त्याने टोपलीही रिक्षात टाकली.

पुढच्या स्टॉपवर कुणीच नव्हतं. बागेजवळचा थांबा दिसायला लागला तेव्हा तिथे गर्दी होती. मघाची नव्हे, मोठी. मोबाइल वर धरलेले हात दिसत होते आणि मधून एका लेकराचं रडणं येत होतं. ते रडणं तिने हजारात ओळखलं असतं. रिक्षा थांबायच्या आत तिने उडी मारली.

गर्दीच्या मधोमध फूटपाथवर ती कोळीण बसली होती. पदर डोक्यावरून गळून पडलेला. साठीची बाई, पांढरे केस सुटलेले, ओठ फुटलेला. हिरव्या काचा खाली विखुरलेल्या आणि मनगटावरून रक्त ओघळत होतं. तिने गौतमीला छातीशी गच्च आवळलं होतं, पर्सचा पट्टा गळ्यात अडकवला होता, आणि तिच्या हातातून पोर ओढणाऱ्या एका दांडग्या माणसाला ती पायाने ढकलत होती.

"नाय देनार! हिची आई येल, तिलाच देईन! तुमी कोन?"

मग तिला संघप्रिया दिसली. तिचे हात आपोआप सैल झाले. संघप्रियाने पोरीला ओढून घेतलं, डोकं चाचपलं, हातपाय चाचपले.

"हीच ना ती, ताई?" टपरीवाला ओरडला. "मेसेज टाकलेलाच होता, लगेच धरली आम्ही! द्यायलाच तयार नव्हती!"

सगळे तिच्याकडे बघत होते. संघप्रिया पोरीलाच कुरवाळत राहिली. तेवढ्या वेळात मागून कुणीतरी म्हाताऱ्या बाईच्या पाठीत आणखी एक गुद्दा घातला.

"नको! मारू नका! मीच दिली होती! माझ्या हातानं दिली होती मी!"

मोबाइल एकेक करून खाली गेले. टपरीवाल्याला एकदम गॅसवरचं दूध आठवलं.

बाईने गळ्यातून पर्स काढली आणि पुढे धरली. "पुढच्या स्टापावरना चालत आली. तू हितंच उबी रवशील, असा वाटला मना. बग, सगला हाय का."

"मावशी, फोन वाजत होता... उचलला का नाही?"

"दुसऱ्याच्या पिशवीत हात कसा घालू गो?"

संघप्रियाने तिचे पाय धरले, रिक्षावाल्याने पाणी आणून दिलं, तिला दवाखान्यात नेऊन मनगटाला टाके घालून आणले. शकुबाई तिचं नाव, सारसोळ्याची. टोपली हातात मिळाल्यावरच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोनच हात," ती म्हणाली, "ही पन कशी घेनार व्हती?"

पुढच्या आठवड्यात सिताराम कामावर आला. मिनी तशीच भरलेली. संघप्रिया गौतमीला घेऊन चढली आणि खिडकीशी शकुबाई दिसली. मनगटाला पट्टी, बांगड्या एकाच हातात, पदर आता खांद्यावर. तोंड उघडं ठेवलं होतं, मुद्दाम. गौतमीने तिला ओळखलं. दोन्ही हात पसरून तिच्याकडे झेपावली.

शकुबाईचे हात अर्धे उचलले गेले. मग तिने आजूबाजूला, उभ्या माणसांकडे, त्यांच्या हातांतल्या मोबाइलांकडे पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"मावशी, घ्या ना. मी आहे इथेच."

"नको गो बाय. भ्या वाटतं."

आणि ती उठली. टोपली पायाने बाजूला सारली. "तू बस. तुजी पोर तूच धर."

संघप्रिया नको नको म्हणत राहिली, पण मागच्या रेट्याने सीटवर बसली गेली. गौतमी मांडीवरून शकुबाईच्या पदराला धरून ओढत होती. शकुबाईने पट्टी बांधलेल्या हाताने वरचा दांडा धरला, आणि सारसोळे येईपर्यंत ती उभीच राहिली.